कुंपणालगतचा चर

तारीख १२ फेब्रुवारी १९५६, रविवार. रक्कम दरमहा तीस रुपये, विहिरीच्या पाण्याबद्दल देऊ केलेली आणि न घेतली गेलेली. हजर होते परांडेकर मास्तर, पिंपरीचे शेतकरी सखाराम आप्पा, त्यांचा मुलगा ज्ञानू, दाराला टेकून उभ्या असलेल्या ज्ञानूच्या आई सरूबाई, आणि मी. मी हजर असण्याचं कारण एवढंच की कॉलेजातल्या बागकामाच्या वर्गाचा मी स्टोअरकीपर, आणि त्या दिवशी मोजणीची टेप माझ्याकडे होती.

त्या बैठकीत काय ठरलं आणि पुढे काय झालं, हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. परांडेकर मास्तरांविषयी वाईट बोलायला माझी जीभ वळत नसे. आजही सहज वळत नाही. म्हणून आधी चांगलं सांगतो. ते पुष्कळ आहे.

आमच्या कॉलेजात पदवीच्या मुलांना दगडी इमारत होती आणि मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, हा एक वर्षाचा वर्ग भरे. मराठी सातवी झालेली शेतकऱ्यांची वीस मुलं. रोपवाटिका, कलमं, बागेची आखणी आणि हिरवळ राखणं, असे चार विषय. चारही विषय परांडेकर मास्तर एकटे शिकवीत. पास होणाऱ्याला सर्टिफिकेट मिळे आणि त्यावर एखाद्या सरकारी बंगल्यात, क्लबात किंवा पिंपरीच्या माळावर नव्याने उठत असलेल्या कारखान्यांत माळ्याची कायम नोकरी. वीसही मुलं त्या एका कागदासाठी येत. फुलांच्या आवडीने आलेला मी एकही पाहिला नाही.

मास्तर उंच होते, खांद्यात जरा वाकलेले. खाकी अर्धी विजार, पांढरी टोपी. हिरवळ आली की चपला पायांतून निघून काखेत जात. झाडांना ते अहोजाहो करीत. "अहो, जरा सरका, मागच्यांना ऊन लागू द्या," असं जास्वंदीला समजावत तिची फांदी बांधत, आणि त्याच दमात मागे वळून पोराला म्हणत, "गाढवा, सुतळी धर." प्राचार्यांशीही ते आदराने बोलत, पण जास्वंदीशी बोलतानाचा सूर त्यात नसे.

स्टोअरकीपर माणसाला माणसं हत्यारांवरून कळतात. कात्री नेताना सगळे गोड बोलतात. परत आणताना ती गंजलेली असते किंवा मुलाच्या हाती पाठवलेली असते. मास्तर स्वतः येत. कात्री धुतलेली, पुसलेली, तेलाचं बोट फिरवलेली. उरलेली सुतळीसुद्धा गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "अहो स्टोअर, जमा करा." मला माझ्या नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. आठ वर्षांत त्यांच्याकडून माझी एक खुरपी हरवली नाही. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहू शकत नाही.

एकदा प्राचार्यांच्या घरून निरोप आला, मुलीचा साखरपुडा आहे, दोन टोपल्या गुलाब पाठवा. शिपाई टोपल्या घेऊनच आला होता. मास्तर म्हणाले, "हे गुलाब मुलांच्या परीक्षेचे आहेत. परीक्षा झाली की त्यांना विचारतो." शिपाई उभाच राहिला. तेव्हा मास्तरांनी खिशातून तीन रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. "मंडईतून घे. प्राचार्यांना सांग, बागेतलेच आहेत. त्यांना फरक कळणार नाही." आणि कळला नाही. उलट दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बागेचं कौतुक केलं. मास्तरांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना तेव्हा महिन्याला एकशे दहा रुपये होते.

दुसरी गोष्ट कुणा बड्या अधिकाऱ्याची. त्यांची मोटार ड्रायव्हरने सरळ हिरवळीवर आणून लावली. मास्तर धावत गेले. ड्रायव्हर घाबरून गाडी सुरू करणार, तोच मास्तरांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "सुरू करू नकोस, चाक फिरलं की सोलून निघेल. ढकलायची." साहेब अजून आतच होते. त्यांना उतरवलं. मुलं मागून, ड्रायव्हर दारातून, आणि साहेब, कसे कोण जाणे, डाव्या मडगार्डला हात लावून, असे सगळे ढकलू लागले. गाडी रस्त्यावर गेल्यावर मास्तर म्हणाले, "साहेब, बूट काढून ढकलायला हवं होतं, पण असू द्या." साहेब हसले म्हणून निभावलं.

आता हरळीबद्दल. हिरवळ लावायची ती हरळीची. शेतात आपोआप वाढणारं, मेलं म्हणता न मरणारं हेच गवत. देशावरच्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, हरळी म्हणजे रानाला लागलेला रोग. पेरभर मुळी राहिली तरी पावसाळ्यात वाफा भरतो. उन्हाळ्यात कमरेइतकं खणायचं, मुळी न् मुळी वेचायची आणि ती बांधावरही न टाकता थेट गाडीवाटेवर फेकायची, म्हणजे चाकांखाली मरते, अशी रीत आहे. आणि मास्तर पहिल्याच दिवशी या मुलांना उघड्या पायांनी हिरवळीवर उभं करून सांगत की हिला जपायचं, हिला खत घालायचं, हिच्याशी नीट वागायचं.

त्या वर्षीच्या वर्गातला चिखलीचा एक मुलगा तेव्हाच म्हणाला होता, "मास्तर, आमचा आज्या हरळी खणता खणता मेला. आन् आता नातू ती लावायला शिकतोय म्हनल्याव आज्या सरगात डोकं आपटत आसंल."

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. म्हणाले, "आज्याला म्हणावं, तिच्याच जिवावर नातू पगार घेणार आहे."

ज्ञानू त्याच वर्गातला. पिंपरीचा. हाताने जड, बोलायला कमी, पण दोरी लावून वाफ्याची कड काढावी तर त्यानेच. त्याच्या बापाची, सखाराम आप्पांची, साडेचार एकर जमीन. तिच्यातली तीन एकर कारखान्यात गेली होती. उरलेल्या दीड एकरात विहीर होती आणि वांगी होती. वांगी खडकीच्या बाजारात जात. कारखान्याचं तारेचं कुंपण त्या वांग्यांना खेटून गेलेलं, आणि कुंपणापलीकडे, कचेरीच्या पुढ्यात, दोन एकरांची हिरवळ करायची असं ठरलं. ते काम कॉलेजकडे आलं, म्हणजे मास्तरांकडे आलं. मे महिन्याच्या शेवटी दिल्लीचे पाहुणे यायचे होते. कारखान्याच्या नळाला मात्र जूनपर्यंत पाणी येणार नव्हतं.

म्हणून त्या रविवारी आम्ही आप्पांच्या ओसरीवर बसलो. मास्तर म्हणाले, "आप्पा, पाणी तुमचं. कारखाना महिना तीस रुपये द्यायला तयार आहे. साडेतीन महिन्यांचे एकशे पाच होतील. पण मी सांगतो, ते घेऊ नका."

"का वं?"

"पैसे घेतले की हिशोब मिटला. कारखान्याला एक कायम माळी घ्यायचा आहे, आणि तो मी सांगेन तो घेणार आहेत. तुम्ही पाणी द्या. जूनला ज्ञानू परीक्षा देईल, जुलैला कामावर लागेल. पंचावन्न रुपये पगार. एकशे पाच किती दिवस पुरतील?"

आप्पा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पानी देतो, मास्तर. पान्याचं काय न्हाई. पर तुमी माज्या वांग्याच्या उशाला हरळी लावनार. ती तारंखालनं यील. ऱ्हायलेलं दीड येकरबी जाईल."

"येणार नाही. कुंपणाच्या आतल्या बाजूला, आमच्या हद्दीत, दोन हात रुंद आणि गुडघाभर खोल चर खणून देतो. विटांची कड बसवतो. अहो स्टोअर, मोजा हो."

मी टेप धरली. कुंपणालगतची लांबी दोनशे चाळीस फूट भरली.

निघताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, तुमी रोज बघता ह्या मानसाला. सबूद खरा हाय का?"

मी म्हणालो, "त्यांनी सुतळीसुद्धा कधी बुडवलेली नाही."

आतून सरूबाई म्हणाल्या, "सुतळीचं काय घिऊन बसलाय भाऊसाहेब, पोराचं इचारत्यात त्ये." आप्पा त्यांच्यावर ओरडले. मी हसलो होतो.

आप्पांची मोट पहाटे चालू व्हायची ती तीन तास हिरवळीसाठी, आणि मग बैलांत जीव उरला तर वांग्यांसाठी. हरळीच्या काड्या शेणकाल्यात बुडवून वर्गाच्या मुलांनी दोन एकरांत दाबल्या. मार्चच्या अखेरीला जमिनीवर हिरवी साय धरली. एप्रिलमध्ये कारखान्याचे लोक जेवणाच्या सुट्टीत नुसती बघायला येऊ लागले. मास्तर रोज पुण्याहून सायकलने येत, चपला काखेत घालत, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत. त्यांच्या तोंडावर त्या दिवसांत जे समाधान दिसे ते मी लग्नघरातल्या बापाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही.

चर मात्र खणला गेला नाही.

पहिल्यांदा ज्ञानूने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "आता नको, आत्ताच मुळं धरतायत." दुसऱ्यांदा म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ देत. मधेच उकरलेलं दिसेल." त्यात लबाडी नव्हती, हे मी समोर होतो म्हणून सांगतो. ते कुदळ मागायला माझ्याकडे आले होते. मी कुदळ काढून दिली. ती घेऊन कुंपणापर्यंत गेले, तिथे उकिडवे बसले, गवतावरून हात फिरवला आणि कुदळ तशीच परत आणून माझ्यापुढे ठेवली. "जमा करा," म्हणाले.

हरळी तारेखालून वांग्यांत शिरली. आधी एका ओळीत, मग चार ओळींत.

पाहुणे आले, हिरवळीवर खुर्च्या टाकल्या, फोटो झाले, पाहुणे गेले. ज्ञानूने तिसऱ्यांदा विचारलं. मास्तर म्हणाले, "अरे, पावसाळा तोंडावर आला. पहिला पावसाळा तरी पाहू दे तिला." त्यानंतरच्या रविवारी ज्ञानूने दोरी लावली आणि गुरुवारपर्यंत खपून एकट्याने, दोनशे चाळीस फूट, दोन हात रुंद, गुडघाभर खोल असा चर खणला. मास्तरांनी सांगितला होता तसाच आणि तिथेच. कड अशी सरळ की टेप लावायची गरज नाही.

परीक्षा त्या शुक्रवारी होती. हिरवळीच्या विषयाची परीक्षा कारखान्याच्याच हिरवळीवर, कारण मॅनेजरसाहेबांना माळी निवडायचा होता. मी हत्यारं वाटत होतो. ज्ञानूची आई तारेपलीकडे वांग्यांत उभी होती. खुडण्याचं निमित्त होतं, पण टोपलीत काही पडत नव्हतं.

मॅनेजरसाहेब फिरत फिरत कुंपणाशी आले आणि चर पाहून म्हणाले, "कड चांगली काढलीय. कुणाचं काम?"

ज्ञानू पुढे झाला. साहेब मास्तरांकडे पाहून हसले. त्या वेळी मास्तरांनी 'माझ्या सांगण्यावरून केलंय' एवढं म्हटलं असतं तर काम झालं होतं. काही बोलले नसते तरी झालं होतं.

मास्तर चराच्या काठावर आले. उपटलेलं गवत अजून तिथेच ढिगाने सुकत पडलं होतं. परीक्षेच्या तयारीत त्या आठवड्यात ते कारखान्यावर आले नव्हते; ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"तुमीच म्हनला व्हता, मास्तर."

"मी करीन म्हणालो होतो."

"कवा?" ज्ञानू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ती माज्या बापाच्या वांग्यात चालली व्हती. म्या आडवली."

"अडवायची होती तर तुमच्या बाजूनं अडवायची."

"तिकडनं आडवली तर ती खालनं येती. मुळीच्या आंगानं तोडायची, ह्ये तुमीच शिकवलं."

वर्गातली मुलं माना खाली घालून उभी होती. मास्तर मॅनेजरसाहेबांकडे वळले. "साहेब, जोमात आलेल्या हिरवळीवर कुदळ चालवणारा माळी मी तुम्हाला देऊ शकत नाही." आणि त्यांनी दुसऱ्या मुलाचं नाव सांगितलं. तो नगरकडचा होता, कामाला बरा होता. त्याच्यावर माझा काही राग नाही.

ज्ञानू तीन विषयांत पास झाला, हिरवळीत नापास. चारही विषय सुटल्याशिवाय सर्टिफिकेट नाही.

परत येताना मी मास्तरांशी बोललो. आठ वर्षांत पहिल्यांदा, हत्यारांखेरीज. म्हणालो, "मास्तर, तुम्ही आप्पांना शब्द दिला होता."

"चांगला माळी झाला तर, असा."

"असा नव्हता. मी समोर होतो. त्यात 'तर' नव्हतं. आणि चराचाही शब्द दिला होता."

ते सायकल हाताने ढकलत चालले होते. म्हणाले, "ते राहून गेलं." माणसं देवळात छत्री विसरल्याचं सांगतात, तसं.

"आप्पांची तीन एकर गेलीत, मास्तर. साडेतीन महिने मोट..."

"तुम्ही तो ढीग पाहिलात का, स्टोअर?" ते मधेच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोनशे चाळीस फूट. जिवंत."

मला तेव्हा जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. हा माणूस लबाड निघाला असता तर मी शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण हे तेच मास्तर होते. गुलाबासाठी पदरचे तीन रुपये देणारे, साहेबाला गाडी ढकलायला लावणारे. ज्या गोष्टीपायी मी त्यांना मानत होतो, तीच गोष्ट ज्ञानूच्या आड आली. आमच्यासारख्यांना वाटायचं, जो झाडाला इतकं जपतो तो माणसाला किती जपत असेल. तसा हिशोब नसतो. आणि आप्पांना तो हिशोब मीच तोंडी करून दिला होता, अगदी खरा समजून.

मी कारखान्याच्या कचेरीत जाऊन पाण्याच्या एकशे पाच रुपयांबद्दल विचारलं. तिथला कारकून सभ्य होता. म्हणाला, "पाणी तर त्यांनी खुशीनं दिलं, असं तुमचे मास्तरच सांगून गेलेत." हेही खरंच होतं.

आप्पांकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्यांनी चहा केला. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा काय दोस? म्या कागद मागितला न्हाई. मानूस झाडाला आवं-जावं करतंय म्हनल्याव मागावं तरी कसं?" सरूबाई तेवढ्या बोलल्या: "झाडाला आवं-जावं करनाऱ्याला पोरगंबी द्यावं न्हाई आन् पानीबी."

ज्ञानूने चर खणला त्याआधीच हरळी वांग्यांत पोचलेली होती. त्या पावसाळ्यात तिने वांगी गिळली. दिवाळीपर्यंत दीड एकर हिरवंगार झालं. रस्त्याने जाणारा नवखा माणूस म्हणे, काय सुंदर गवत आहे. ज्ञानू चिंचवडला एका बांधकामावर रोजंदारीने विटा वाहू लागला. रहाटणीची सोयरीक ठरत आली होती; मुलीच्या बापाने "नोकरीचं कळवा" असा निरोप पाठवला आणि मग तो बाप काही आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, १९५७ च्या मे महिन्यात, आप्पांनी माणसं लावून रान खणून काढलं. कमरेइतकं खोल. खणणावळ चौऱ्याहत्तर रुपये झाली, त्यासाठी एक बैल विकला. निघालेली हरळी रीतीप्रमाणे गाडीवाटेवर नेऊन टाकली. माणसाच्या उंचीचा ढीग झाला.

त्याच सुमारास कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुढे आणखी हिरवळ करायचं काम मास्तरांकडे आलं होतं. हत्यारं उतरवायला मी बरोबर होतो. गाडीवाटेने जाताना मास्तरांना तो ढीग दिसला. ते सायकलवरून उतरले. मूठभर मुळ्या हातात घेऊन त्यांनी माती झटकली, एक मुळी नखाने सोलून पाहिली.

"पहिल्या प्रतीची आहे," म्हणाले. "कुणाची?"

आप्पा रानातच होते. पुढे आले. मास्तरांना त्यांची ओळख पटायला क्षणभर लागला, की पटली तरी बोलायला लागला, हे मला सांगता येणार नाही.

"आप्पा, ही मला द्या. बंगल्यांसाठी हवी आहे."

"न्या की."

"बाहेरून मागवली तर गाडीला दोन रुपये पडतात. तेवढे देतो."

"मास्तर, फुकट न्या," आप्पा म्हणाले. "म्या ती वाटंव टाकलीया, इकायला न्हाई मांडली."

"फुकट नेणार नाही. मी कुणाचं फुकट नेत नाही."

यावर आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून ते विहिरीकडे चालू लागले आणि पुन्हा वळले नाहीत. ज्ञानू कामावर होता. मास्तर पैसे हातात धरून उभे होते. शेवटी सरूबाई पुढे आल्या, पदर पसरला आणि म्हणाल्या, "टाका हितं. चौऱ्याहत्तरातलं तेवढंच कमी."

मास्तरांनी नोटा दोनदा मोजून पदरात टाकल्या. बंगल्यांच्या कामावरच्या बैलगाड्या आणवल्या, त्या भरून निघाल्या. मास्तर सायकल हातात धरून शेवटच्या गाडीमागे चालत होते. गाडी खड्ड्यात हिंदकळली की चार काड्या वाटेवर पडत. ते थांबत, वाकत, वेचत आणि हँडलला अडकवलेल्या ओल्या फडक्यात घालत. वळणापर्यंत ते मला तसे दिसत होते. त्यानंतर महिन्याभरात मी दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली आणि त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.

अकरा गाड्या, दर दोन रुपये, एकूण बावीस रुपये. दिले परांडेकर मास्तरांनी, घेतले सरूबाईंनी.